चेंडू पोईचा, नाच आपला

न्यूझीलंड हा प्रशांत महासागरातील देश आहे. माओरी हे तेथील मूळ रहिवासी. त्यांच्या नृत्यात एक साधेच साधन असते. दोरीच्या टोकाला बांधलेला हलका चेंडू! त्याला ‘पोई’ म्हणतात. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थच चेंडू असा आहे.

पूर्वी राउपो नावाच्या पाणगवतापासून चेंडू बनवत आणि हाराकेके या वनस्पतीच्या तंतूंची दोरी वळत. पोई फिरवल्याने विणकाम करणाऱ्या स्त्रियांची मनगटे लवचीक राहतात आणि शस्त्र चालवणाऱ्या पुरुषांच्या हातांना बळ येते, असे माओरी लोक सांगत आले आहेत. नृत्यात चेंडू हातावर आपटला, की ‘टप्’ असा आवाज होतो. रांगेतील सर्वांचा ‘टप्’ एकाच क्षणी आला पाहिजे. एकीचा हात जरा मागे पडला, तरी तो कानाला लगेच कळतो. तारानाकी या भागात तर पोईच्या ठेक्यावर प्रार्थना आणि पूर्वजांचा इतिहास म्हणण्याची परंपरा आहे.

आता एक प्रश्न पडतो. जेथे सर्वांनी एकसारखे हात हलवायचे, तेथे स्वतःच्या नाचाला जागा कोठे? या प्रश्नाचे एक उत्तर तारानाकीतीलच पातेआ या छोट्या गावाने दिले.

पातेआ येथे मांस गोठवून बाहेर पाठवणारा मोठा कारखाना होता. तो १९८२ साली बंद पडला. शेकडो लोकांची रोजी गेली. तरुण मुले गाव सोडू लागली. दुसरी काळजी भाषेची होती. माओरी बोलणारी मुले कमी होत चालली होती. १९७२ साली तीस हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा अर्ज संसदेला देण्यात आला होता. माओरी भाषा शाळांत शिकवावी, अशी त्यात मागणी होती.

त्या काळात तरुणांना ब्रेक डान्सचे वेड होते. डाल्व्हेनियस प्राइम या संगीतकाराने ओळखले, की मुलांना जे आवडते त्यातूनच त्यांना आपली भाषा द्यावी. न्गोई पेफाइरांगी या विदुषीने माओरी शब्द लिहिले, प्राइम यांनी चाल दिली आणि पातेआ माओरी क्लबने ‘पोई ए’ हे गाणे गायले. त्याच्या चित्रफितीत एकीकडे पोई फिरते, तर दुसरीकडे तरुण ब्रेक डान्स करतो. दोन्ही एकाच तालावर! १९८४ साली हे गाणे न्यूझीलंडमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. एका गाण्याने भाषा वाचत नाही, हे खरे. तिच्यासाठी अनेकांनी अनेक वर्षे कष्ट घेतले. १९८७ साली कायद्याने माओरी भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. पण आपल्या भाषेत गाण्याची लाज वाटू नये, हे या गाण्याने तरुणांना शिकवले.

आज अनेक देशांतील लोक पोई फिरवतात आणि तिच्यात आपापला नाच मिसळतात. हे कसे करतात? प्रथम पोई बाजूला ठेवून नुसते नाचावे. आपले पाय कसे पडतात, खांदे कसे हलतात, आपण कोठे थांबतो, हे नीट पाहावे. मग पोईचे दोन-तीनच प्रकार पक्के करावेत: समोरचे वर्तुळ, अंगाच्या बाजूचे वर्तुळ आणि आडव्या पडलेल्या इंग्रजी आठसारखा फेरा. हात न पाहता फिरू लागले, की पाय मोकळे होतात. त्यानंतर आपली पावले त्यात घालावीत. चेंडूची दिशा बदलताना तो क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. नाचातील आपली ठेवण त्याच क्षणी शोभून दिसते.

सरावासाठी जुन्या लांब मोज्यात कापडाचा मऊ गोळा घालून गाठ मारली तरी चालते. मात्र मोकळ्या जागी उभे राहावे आणि जवळ कोणी नाही, हे पाहावे. काही कलावंत पेटती पोई फिरवतात. ते काम प्रशिक्षित लोकांचेच आहे. मुलांनी ते मुळीच करू नये.

दोन माणसे तेच वर्तुळ काढतात, तरी ते वेगळे दिसते. एक जण झुकून काढतो, दुसरा गिरकी घेऊन. हेच त्याचे स्वतःचे असते. पण त्यासाठी आधी ठेका हातात बसावा लागतो. पातेआच्या क्लबला जुनी पोई उत्तम येत होती, म्हणूनच नवा नाच तिच्या शेजारी उभा राहू शकला. दुसऱ्यांची कला शिकताना ती कोणाची आहे, हे सांगावे. आणि आपले त्यात घालताना ‘टप्’ चुकू देऊ नये.

शब्दार्थ
लवचीक – सहज वाकणारे
ठेका – ताल
रोजी – रोजची कमाई
विदुषी – विद्वान स्त्री
गिरकी – स्वतःभोवती घेतलेला फेरा

स्वाध्याय
१. पोई पूर्वी कशापासून बनवत?
२. पातेआ गावापुढे कोणत्या दोन काळज्या होत्या?
३. पोई शिकण्याआधी नुसते नाचावे, असे लेखक का म्हणतो?
४. तुम्हांला येणाऱ्या एखाद्या खेळात किंवा कलेत तुमचे स्वतःचे काय आहे? पाच वाक्ये लिहा.