डोनट विकून घेतलेले गणवेश

मैत्रिणींनो, या अंकात ओळख करून घेऊ अमेरिकेतल्या पॅट समिट यांची. टेनेसी राज्यातल्या शेतकरी घरची ही मुलगी. गावच्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता. मग तिला खेळता यावं म्हणून घरच्यांनी बिऱ्हाडच शेजारच्या भागात हलवलं!

१९७४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाचे गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून घेतलेले. ते धुवायच्या पॅटताई, सामन्याला गाडी चालवत न्यायच्याही त्याच.

३८ हंगामांत संघाने १,०९८ सामने आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. पण खेळासाठी अभ्यास सोडायचा नाही. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, हा त्यांचा नियम. संघात पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली.

बैठकीत चर्चा करा :
१. आपल्या गावात शाळा किंवा खेळ मध्येच सुटलेली मुलगी कोण? का सुटलं?
२. तिच्या घरी बोलायला गटातून कोण जाणार? कधी?
उत्तरं इतिवृत्तात नक्की लिहा.