संशोधन-अनुदानाचा कारभार : नस्तीकडून क्लाउडकडे

संशोधनासाठी मिळणारे शासकीय अनुदान सहसा एकरकमी हाती पडत नाही. प्रस्ताव, तज्ज्ञांचे परीक्षण, समितीची शिफारस, मंजुरी-आदेश, पहिला हप्ता, खर्चाचे विवरण, उपयोगिता प्रमाणपत्र आणि त्यानंतर पुढचा हप्ता, अशी ती एक साखळी असते. तिच्यातील एक कडी अडली की पुढील सर्व कामे खोळंबतात.

समजा, एखाद्या विद्यापीठातील प्रकल्प तीन वर्षांचा आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील १२-अ ह्या नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावयाचे असते. प्रकल्प-प्रमुखाकडून ते लेखा-विभागाकडे, तेथून कुलसचिवांच्या कार्यालयाकडे जाते. मध्येच एखादे देयक सापडत नाही आणि नस्ती परत फिरते. ती कोणाच्या टेबलावर आहे, हे पुष्कळदा कोणासच सांगता येत नाही. पुढचा हप्ता लांबतो, प्रयोगशाळेतील तरुण संशोधकाचे विद्यावेतन थांबते. त्याचे घरभाडे मात्र थांबत नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी अनेक संस्था क्लाउडवरील कार्यप्रवाह-सॉफ्टवेअरचा अवलंब करतात. क्लाउड म्हणजे दूरच्या माहिती-केंद्रातील संगणकांची शक्ती इंटरनेटद्वारे गरजेपुरती वापरणे होय. भारत सरकारची राष्ट्रीय क्लाउड सेवा ‘मेघराज’ उपक्रमांतर्गत २०१४ मध्ये सुरू झाली. कार्यप्रवाह-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टप्प्याला एक जबाबदार व्यक्ती, एक मुदत आणि पुढे जाण्याची एक अट नेमून दिलेली असते. देयक जोडल्याखेरीज विवरण पुढे सरकत नाही. मुदत उलटली तर वरिष्ठांना सूचना जाते. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आपोआप राहते. लेखापरीक्षकाला हीच नोंद उपयोगी पडते.

तथापि, जुनी पद्धत जशीच्या तशी संगणकात उतरविल्याने विलंब कमी होत नाही. ज्या ठिकाणी सात सह्या लागत, तेथे सात वेळा कळ दाबावी लागते, इतकेच. म्हणून आरंभी कागदाची प्रत्यक्ष वाट लिहून काढावी. नियमपुस्तकातील वाट आणि कचेरीतील वाट यांत बहुधा अंतर आढळते. प्रत्येक सही कोणत्या नियमाने आवश्यक आहे हे तपासावे आणि ज्या सहीला असा आधार नाही ती गाळावी. त्यानंतर चालू प्रकल्पांच्या शिल्लक रकमा जुन्या वहीशी ताडून घ्याव्यात. कारण चुकीची शिल्लक नव्या व्यवस्थेत गेली, तर तिच्यावर आधारलेली पुढची सर्व विवरणे चुकतात. काही काळ दोन्ही पद्धती समांतर चालवाव्यात, परंतु जुनी पद्धत बंद करण्याचा दिवस आधीच जाहीर करावा. एरवी कर्मचाऱ्यांवर दुप्पट काम पडते आणि नवी व्यवस्था नकोशी होते.

गोपनीयतेचा विचारही आवश्यक आहे. परीक्षकाचे नाव अर्जदाराला दिसता कामा नये आणि ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत अशा परीक्षकाला तो प्रस्ताव उघडता येऊ नये. माहितीवरील मालकी संस्थेकडेच राहील व सेवा बदलल्यास सर्व नोंदी परत मिळतील, ही अट करारात हवी. संस्था बदलतात, पण प्रकल्प चालू राहतात. २००८ च्या अधिनियमाने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची तरतूद झाली. २०२३ च्या अधिनियमानुसार त्याचे कार्य अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे गेले. अशा वेळी अपुऱ्या प्रकल्पांचे भवितव्य नोंदींच्या अखंडतेवर अवलंबून असते.

काम कोठे अडले आहे, हे सॉफ्टवेअर दाखवू शकते. ते सोडविण्याचा अधिकार आणि दायित्व मात्र माणसाकडेच राहते. म्हणूनच नव्या व्यवस्थेची कसोटी कागद किती वाचला यावर न लावता, संशोधकाच्या हाती विद्यावेतन किती लवकर पडले यावर लावणे उचित ठरेल.