रोजची एक बाटली
(एका भगिनीच्या प्रश्नाचा विचार)

पाठास आधार : १ शमुवेल २५:२-३८, १ तीमथ्य ५:२३.

गेल्या सुगीच्या दिवसांत एका खेडेगांवीं घरभेटीस गेलों असतां एका भगिनीनें मला एक प्रश्न विचारिला. तिचा पति मंडळीचा सभासद आहे. तो कष्टाळू आहे, भांडत नाहीं, हात उगारीत नाहीं, रविवारची उपासना सहसा चुकवीत नाहीं. परंतु रोज सायंकाळीं शेतावरून परततांना तो नाक्यावरील बिअर शॉपींतून एक मोठी बाटली आणितो व ओसरीवर बसून ती संपवितो. ती म्हणाली, "पाळकसाहेब, हे म्हणतात, ही कांहीं दारू नव्हे, उन्हानें तापलेलें पोट हिनें थंड होतें. मग माझ्या जिवाला घोर कां लागतो? मी उगाच संशय घेतें काय?" त्या वेळीं मीं प्रार्थना केली आणि निघालों, तिला पुरतें उत्तर मिळालें नाहीं. तें आज येथें देतों, कारण हा प्रश्न एकाच ओसरीवरचा नाहीं.

प्रथम "ही दारू नव्हे" या बोलण्याचा विचार करूं. यास शास्त्री-पंडित नको, बाटलीवरील चिठ्ठी वाचतां आली म्हणजे पुरे. मोठ्या बाटलींत ६५० मिलिलिटर बिअर असते. जी 'स्ट्राँग' म्हणून विकली जाते, तिच्यांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ८ पर्यंत असतें. म्हणजे त्या एका बाटलींत ५२ मिलिलिटर निव्वळ मद्यार्क आला. त्याचें वजन सुमारें ४१ ग्रॅम भरतें. आतां व्हिस्की किंवा रम घ्या. तिच्यांत हें प्रमाण शेंकडा ४२.८ असतें, व ३० मिलिलिटरच्या एका पेगांत सुमारें १० ग्रॅम मद्यार्क असतो. तेव्हां जो गृहस्थ ओसरीवर बसून स्ट्राँग बिअरची एक बाटली संपवितो, तो चार पेग रम प्याला असेंच यकृताच्या हिशेबीं लिहिलें जातें. सौम्य बिअर शेंकडा ५ ची धरिली तरी अडीच पेग होतातच. रंग पिवळा, फेस पांढरा आणि चव कडवट, एवढ्यावरून मद्यार्काची जात बदलत नाहीं.

हा भ्रम आपल्याच लोकांचा आहे असें नाहीं. इंग्लंडांत जिन नामक कडक दारूनें गरिबांचा नाश होत होता, तेव्हां लोक बिअरकडे वळतील तर बरें, अशाहि आशेनें तेथील पार्लमेंटानें १८३० सालीं बिअरचीं दुकानें काढणें सोपें करून दिलें. दुकानें तर पुष्कळ निघालीं, पण दारूबाजी कमी झाली नाहीं. त्या काळीं मद्यनिषेधाच्या चळवळींतले भले भले ख्रिस्ती लोकहि केवळ कडक दारू सोडण्याची शपथ घेत व बिअर निर्दोष मानीत. प्रेस्टन शहरचा जोसेफ लिव्हसी नांवाचा पनीर विकणारा एक व्यापारी होता. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं १८३२ सालीं बिअरसुद्धां सर्व मद्य सोडण्याची शपथ घेतली. पुढें तो गांवोगांव व्याख्यानें देऊन दाखवीत असे कीं, जवाची बिअर होईपर्यंत त्यांतील पौष्टिक अंश फारच थोडा उरतो. व्यापारी असल्यामुळें त्याला हिशेब करतां येत होता, हें आम्हां उपदेशकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां शरीराचा प्रश्न. रोज एक स्ट्राँग बाटली म्हणजे आठवड्यास सुमारें २८७ ग्रॅम मद्यार्क. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं २०१६ सालीं जी मर्यादा सांगितली, ती आठवड्यास ११२ ग्रॅमची आहे. हा त्याहून अडीचपट झाला. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें असें सांगितलें कीं, अमुक इतकें मद्य निर्धोक आहे असें म्हणतांच येत नाहीं. मद्य कर्करोगास कारण होतें हें तर तिच्याच कर्करोगविषयक संस्थेनें १९८८ सालीं ठरविलें : तोंड, घसा, अन्ननलिका व यकृत यांचा, आणि तिनें मागाहून ठरविल्याप्रमाणें मोठें आंतडें व स्त्रियांचें स्तन यांचाहि तो कर्करोग होय. जो बिअरबरोबर तंबाखूहि मळतो, त्याच्या तोंडाचा व घशाचा धोका दोहोंच्या बेरजेहूनहि अधिक वाढतो. रक्तदाब चढतो, झोंप लागते पण मध्यरात्रीं मोडते, यकृतावर चरबी सांचते. ही चरबी दुखत नाहीं, म्हणूनच ती फसवी आहे. या पायरीवर मद्य सोडिलें तर यकृत बहुधा पूर्ववत् होतें. पुढें तें घट्ट होऊन आकसलें म्हणजे गेलेलें परत येत नाहीं.

"मला ती चढत नाहीं" असें कित्येक पुरुष अभिमानानें म्हणतात. भगिनींनो, हें बळाचें लक्षण नव्हे. शरीर विषास सरावलें आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि सरावलेलें शरीर लवकरच दुसरी बाटली मागतें. जॉन युइंग नामक अमेरिकन वैद्यानें १९८४ सालीं अशा माणसांस विचारण्याचे चार प्रश्न प्रसिद्ध केले. पिणें कमी करावें असें तुम्हांस कधीं वाटलें काय? त्यावर कोणी बोललें म्हणजे राग येतो काय? आपण पितों याची मनांत टोचणी लागते काय? सकाळीं उठल्याबरोबर हात स्थिर होण्यासाठीं घोट घ्यावा लागतो काय? दोहोंस जरी 'होय' असें उत्तर आलें, तरी वैद्याकडे जाण्याची वेळ झाली असें समजावें.

येथें कोणी बंधु तीमथ्याचें पत्र पुढें करील. तें नेहमींच पुढें येतें. तो अध्याय उघडून नीट पाहा. पौल ज्यास द्राक्षारस घ्यावयास सांगतो, तो तोंवर केवळ पाणीच पीत होता हें त्या वचनावरूनच उघड आहे. सांगितलेलें प्रमाण थोडें आहे, आणि कारण पोटाचें दुखणें आहे. ज्यास औषध घेण्याविषयीं आग्रह करावा लागला, त्याचा दाखला रोज न सांगतां बाटली आणणाऱ्यानें द्यावा, हें चमत्कारिक आहे.

आतां मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी नवा पाळक असतांना एका मंडळींतील रोज पुष्कळ पिणाऱ्या बंधूस मीं रविवारच्या उपासनेंत उभें केलें, व त्याजकडून सर्वांसमक्ष शपथ घेवविली. त्यानें त्याच रात्रीं पिणें सोडिलें. दुसऱ्या दिवशीं त्याचे हात कांपूं लागले व घाम सुटला. आम्ही म्हटलें, सैतान झगडत आहे. मंगळवारीं त्यास झटके आले, आणि त्या रात्रीं भिंतीवर किडे दिसतात म्हणून तो ओरडूं लागला. त्याच्या बायकोनें शेजाऱ्याची जीप मागून त्यास दवाखान्यांत नेलें म्हणून तो वांचला. वैद्यानें मला सांगितलें कीं, रोज फार पिणाऱ्यानें एकाएकीं सोडिलें तर दोन-तीन दिवसांत असें होतें व त्यांत मृत्यूहि येतो. त्यास औषधांच्या आधारानें सोडवावें लागतें. मी त्या बाईस तोंड दाखवावयास आठ दिवस गेलों नाहीं. म्हणून उपदेशक बंधूंनो, ज्याचे हात सकाळीं कांपतात, त्यास आधीं वैद्याकडे न्या, शपथ मागाहून घ्या.

तर मग पत्नीनें काय करावें? अबीगईलेची गोष्ट पाहा. नाबाल कठोर होता व घरांत राजासारखी मेजवानी करून धुंद झाला होता. घरावर आलेलें मरण तिनें त्याला न विचारतांच टाळिलें होतें. तरी त्या रात्रीं ती त्याजशीं बरें-वाईट कांहींच बोलली नाहीं. उजाडल्यावर, नशा उतरल्यावर, तिनें सर्व सांगितलें. यांत दोन गोष्टी आहेत. घर राखण्यास नवऱ्याच्या परवानगीची वाट पाहूं नये, आणि बोलावयाचें तें सकाळीं बोलावें. सायंकाळीं बाटलीशीं भांडून, ती मोरींत ओतून किंवा मुलांस मध्यें घालून काय होतें, हें माझ्या वाचक भगिनींस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. सकाळीं चहाच्या वेळीं दोषारोप न करितां बोलावें : "तुम्ही रात्रीं झोंपत नाहीं, पाय सुजतात, मला भीति वाटते; एकदां रक्त तपासून येऊं." ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयांत यकृताची तपासणी होते. डोळे पिवळे होणें, पोट फुगणें, काळा शौच किंवा रक्ताची उलटी होणें, असें कांहीं दिसल्यास मात्र सकाळचीहि वाट पाहूं नये. क्षयाचीं अथवा मधुमेहाचीं औषधें चालू असतील, तर रोजचें पिणें वैद्यास अवश्य सांगावें. अंगदुखीच्या गोळ्याहि पिणाऱ्याच्या यकृतास भारी पडतात.

एक गोष्ट कदापि करूं नये. "नवऱ्यास न कळतां दारू सोडवा" अशा जाहिरातींच्या पुड्या भाजींत घालूं नका. त्यांत काय असतें हें विकणारा सांगत नाहीं. आणि ज्या खऱ्या औषधानें दारूचा तिटकारा येतो, तें न सांगतां दिलें व वर दारू पडली, तर जीव जाऊं शकतो.

पुण्यांत १९८६ पासून मुक्तांगण ही व्यसनमुक्तीची संस्था आहे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पिणाऱ्यांच्या कुटुंबियांसाठीं अल्-अनॉन नांवाच्या सभा भरतात, तेथें पति न आला तरी पत्नीस जातां येतें. ज्या घरीं मार आहे, तेथील भगिनीनें आधीं मुलांस घेऊन सुरक्षित ठिकाणीं जावें. तिला "सहन कर" असें सांगणाऱ्या पाळकानें तिच्या जागीं एक रात्र काढावी.

उपदेशकांस शेवटची विनंति. बुधवारच्या प्रार्थनासभेंत त्या पतीचें नांव घेऊन प्रार्थना करूं नका. ती गोष्ट रात्रींच ओसरीवर पोंचते, आणि दुसऱ्या दिवशीं त्या भगिनीस तुमच्याकडे येणें बंद करावें लागतें. मी त्या घरीं पुन्हां जाणार आहें, सकाळचा, तो बंधु शेतावर निघण्यापूर्वीं. रिकामी बाटली अजून कोनाड्यांत असली तर तिची चिठ्ठी आम्ही दोघे मिळून वाचूं.