होडीला घाटाची पायरी

माझं वेल्डिंगचं दुकान त्र्यंबकेश्वरात. जिने, ग्रिल, मंडपाचे सांगाडे, कठडे ही रोजची कामं. होडीशी संबंध आला तो भाच्यामुळे. बहीण नोकरीनिमित्त मालवणला गेली आणि तिथलीच झाली. तिचा मुलगा अठरा फुटी फायबरच्या होडीतून पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो. "मामा, मागे पाण्यालगत एक ओटा लावून द्या, लोकांना उतरायला बरं पडेल," म्हणाला. मला वाटलं, दोन ब्रॅकेट, चार बोल्ट, दुपारपर्यंत काम खलास. पाच महिने लागले. त्यात जे शिकलो ते असं.

१. आधी चढण्याचा विचार करा, उतरण्याचा नंतर.
मी ओट्याची मापं घेत होतो, तेव्हा शेजारी जाळं विणत बसलेला म्हातारा तांडेल म्हणाला, "उडी काय, बकरो पण मारीत. वर कसो येतलो, ता सांगा." आमच्या त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडावर लहानपणापासून बघतोय, डुबकी मारलेल्या माणसाचा पाय निघताना पाण्याखालची पायरी चाचपतो. ती सापडली की म्हातारी माणसंही सहज वर येतात. भिजलेलं अंग नुसत्या हातांच्या जोरावर वर ओढणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून ओट्याला लावायच्या शिडीच्या निदान दोन पायऱ्या पाण्याखाली हव्यात आणि सगळ्यात खालची दीड-दोन फूट खोल हवी.

२. वजन किती, यापेक्षा ते कुठे, हे बघा.
होडीच्या मागच्या उभ्या फळीवर इंजिनाचा भार आधीच असतो. त्याच्याही मागे माणूस उभा राहिला की पहारीच्या टोकाला लटकल्यासारखं होतं. जितका लांब, तितका होडीचा मागचा भाग खाली. हिशोबावर विसंबलो नाही. दोन वासे आत घट्ट बांधून अडीच फूट मागे काढले आणि त्यांच्या टोकांना पाण्याने भरलेले २० लिटरचे कॅन एकेक करून अडकवले. एक कॅन म्हणजे २० किलो. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, तशा मी फळीवर खडूच्या रेघा मारल्या होत्या. नऊ कॅन झाले, म्हणजे दोन माणसं आणि ओट्याचं वजन, आणि आतलं पाणी बाहेर सोडणारी भोकंच बुडाली. पाणी उलटं आत येऊन आमच्या पायांशी खेळू लागलं. अडीच फुटांचा ओटा तिथल्या तिथे दीड फुटावर आणला, पुन्हा कॅन लावून पाहिले, आणि एका वेळी दोनच माणसं, असं त्यावर रंगवून टाकलं.

३. भोक पाडण्याआधी फळीला टकटक करा.
फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं. लाकडी हातोडीने ठोकत गेलो. सगळीकडे टणक आवाज, एका कोपऱ्यात मात्र भद्द. तिथे ड्रिल घातलं तर चोथ्यासारखा काळा, ओला भुसा बाहेर आला. आधी कुणीतरी पाडलेल्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. तेवढा भाग कापून नवा भरावा लागला. पाच महिन्यांतले दोन त्यातच गेले. आता प्रत्येक भोक आधी मोठं पाडतो, इपॉक्सीने भरतो आणि वाळल्यावर त्यातच बोल्टाचं भोक घेतो. आतून तळहाताएवढी पट्टी लावतो, नुसता वायसर नाही. बाथरूमचं सिलिकॉन इथे चालत नाही, बोटीचंच सीलंट लागतं.

४. गोड्या पाण्याचा अनुभव खाऱ्या पाण्यात नेऊ नका.
त्र्यंबकेश्वरच्या धो धो पावसात माझे ३०४ स्टीलचे कठडे वर्षानुवर्षं चकचकीत आहेत. त्याच गुर्मीत पहिली शिडी ३०४ ची केली. मालवणच्या हवेत दोन महिन्यांत जोडांवर चहाचे डाग पडावेत तसा गंज धरला. दुसरी ३१६ ची केली. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनचे वायसर घातले.

५. इंजिनाला हातपाय हलवायला जागा ठेवा.
ओटा अखंड न करता इंजिनाच्या दोन्ही बाजूंना दोन तुकडे केले. इंजिन पूर्ण वर उचलून, दोन्हीकडे पूर्ण वळवून, कुठे घासत नाही ना हे पाहिलं आणि मगच बोल्ट आवळले. पट्ट्यांमध्ये फटी ठेवल्या, म्हणजे लाट आपटण्याऐवजी आरपार जाते. वर खरखरीत पट्टी चिकटवली. शेवाळलेल्या घाटावर पडणारे लोक मी कमी पाहिलेले नाहीत. आणि पाण्यात माणूस असेपर्यंत इंजिन बंद, चावी भाच्याच्या गळ्यात. न्यूट्रलवर भागत नाही, कारण तेव्हाही पंखा थोडाफार फिरू शकतो.

६. कागद आधी.
नोंदणी झालेल्या होडीत असा बदल करायचा तर परवानगी लागते. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे असतं. आम्ही अर्धं काम झाल्यावर विचारायला गेलो आणि नकाशा नव्याने काढावा लागला.

७. शिडी पाण्यातून उघडली पाहिजे.
सगळं झालं, भाचा डिझेल आणायला गेला, आणि मी ओटा पुसताना घसरून पाण्यात. शिडी वर घडी करून, वरच्या बाजूने खटका लावून ठेवलेली. मीच बसवलेला खटका, मलाच पोचेना. पोहायला येतं, लाइफ जॅकेट होतं, तरी दहा मिनिटं ओट्याची कड धरून लोंबकळत होतो. तांडेलाने काठावरून बघितलं, काही न बोलता वल्हवत आला आणि खटका काढला.

आता त्या खटक्याला हातभर दोरी आहे. तिचं टोक कायम पाण्यात असतं.