गोळी अर्धी करू नकोस, बाई

अगं, महिनाअखेर आली की फिटच्या गोळीचे दोन तुकडे करून दिवस ढकलतेस, हे कळलं आणि जीव घाबरा झाला बघ. फिट येत नाही म्हणून गोळी नको, असं तुला वाटतं. पण फिट येत नाही ती गोळीमुळेच. एकदम बंद केली तर एकामागून एक फिट येऊन थांबतच नाहीत, असंही होतं. मग वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसा दवाखान्यात जातो, आणि जिवाला धोका तो वेगळाच.

पैसा वाचवायचा तो भावात. गोळ्यांची पट्टी हातात घे. कंपनीचं नाव सोड, औषधाचं मूळ नाव बघ: सोडियम व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम, कार्बामाझेपिन, जे असेल ते. पुढचा 200, 500 हा आकडा आणि सीआर, ईआर अशी अक्षरं असली तर तीही कागदावर उतरव. ती अक्षरं असलेली गोळी पोटात हळूहळू काम करते, तिच्या जागी साधी चालत नाही. तो कागद घेऊन आधी राणीसावरगावच्या सरकारी दवाखान्यात विचार. तिथं नसेल तर गंगाखेडचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर परभणीचं मोठं सरकारी रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरलाही पैसे पडत नाहीत, आणि एसटीत आपल्या बायकांना अर्धं तिकीट. गोळी तिथं शिल्लक नसली तर जनऔषधी केंद्र गाठ. जवळचं कुठं आहे ते 1800-180-8080 वर फुकट कळतं. तेच औषध तिथं बरंच स्वस्त पडतं. फक्त डॉक्टरांना विचारून बदल, आणि एकदा बदलली की दर महिन्याला कंपनी बदलत बसू नकोस.

विमा नाही म्हणून हातपाय गाळू नकोस. सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ती भरती व्हायची वेळ आली तर कामाची. घरी खायच्या रोजच्या गोळीला ती पुरत नाही.

आणि सासरी कळू नये म्हणून लांबच्या मेडिकलमधून मिळेल त्या भावात आणतेस ना? लपवलेलं औषध महागच पडतं. लग्न मोडेल अशी भीती असेल तर ऐक: फेफरं हे लग्न रद्द ठरवायचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होतं, ते 1999 मध्येच काढून टाकलंय. नवऱ्याला विश्वासात घे. मूल हवं असेल तर त्याआधीच डॉक्टरांना सांग. व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला बाधू शकतं. पण भीतीनं स्वतःच्या मनानं बंद करू नकोस.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघशील, तेव्हा दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घे, चिठ्ठीही सोबत ठेव. फडावर झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेनं फिट येते. एरवीही आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की त्याच दिवशी पुढच्यांची सोय कर.