फिजिओथेरपिस्टची नोंदणी आणि देखरेख : हे नियम कशासाठी?



बारावी सायन्सनंतर एमबीबीएस आणि नर्सिंग सोडून आणखी काय, असा प्रश्न निघाला की फिजिओथेरपीचं नाव येतंच. मराठीत आपण याला भौतिकोपचार म्हणतो. फी किती, नोकरी लागते का, परदेशी जाता येतं का, हे सगळं मुलं आणि पालक विचारतात. पण डिग्री हातात पडली की लगेच पेशंटवर उपचार करता येतात का, हे सहसा कोणी विचारत नाही. आजचा पाठ त्यावरच आहे.

१) डिग्री वेगळी, नोंदणी वेगळी

डिग्री विद्यापीठ देतं. हा विद्यार्थी अमुक विषय शिकला आणि पास झाला, एवढंच ती सांगते. नोंदणी परिषद देते. या माणसाला व्यवसाय करायला परवानगी आहे, असं ती सांगते. दोन्हींत मोठा फरक आहे बघा. पेशंटशी गैरवर्तन केलं किंवा कामात गंभीर हलगर्जी केली, तर परिषद चौकशी करून नोंदणी काढून घेऊ शकते. मग डिग्रीचा कागद भिंतीवर असला तरी व्यवसाय करता येत नाही.

महाराष्ट्रातला रस्ता साधारण असा आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. नंतर नीट परीक्षा आणि सीईटी सेलमार्फत बीपीटीएचला प्रवेश. अभ्यासक्रम आतापर्यंत साडेचार वर्षांचा होता, त्यात ६ महिने इंटर्नशिप. २०२५ मध्ये आलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो ५ वर्षांचा झाला असून त्यात १ वर्ष इंटर्नशिप आहे. त्यानंतर नोंदणी. आपल्या राज्यात यासाठी २००२ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्यानुसार व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद काम करते.

२) २०२१ चा केंद्रीय कायदा

डॉक्टर, नर्स, दंतवैद्य यांच्यासाठी देशपातळीवर कायदे पूर्वीपासून होते. फिजिओथेरपीसाठी मात्र काही राज्यांत परिषद होती, काही राज्यांत नव्हती. ही उणीव भरून काढायला संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात व्यवसायांचे १० गट आहेत आणि फिजिओथेरपीला स्वतःचा गट आहे.

या कायद्यातल्या दोन व्याख्या नीट समजून घ्या.

• आरोग्यसेवा व्यावसायिक : किमान ३६०० तासांची पदवी, ३ ते ६ वर्षांत पूर्ण केलेली. हा सल्ला देतो, उपचार करतो आणि इतरांच्या कामावर देखरेखही करतो.
• सहयोगी आरोग्य व्यावसायिक : किमान २००० तासांची पदविका किंवा पदवी, २ ते ४ वर्षांत पूर्ण केलेली. दुसऱ्या तज्ज्ञाने ठरवलेल्या उपचाराला तो तांत्रिक साहाय्य करतो.

म्हणजे काम करणारे दोघंही असले, तरी ठरवायचं कोणी, हे कायद्याने सांगून ठेवलंय.

३) देखरेख कशासाठी?

आता तुम्ही म्हणाल, शेक द्यायला आणि व्यायाम करून घ्यायला एवढे नियम कशाला? दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण. एका आजोबांचे पाय दुखतात. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. अशा पेशंटच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. गरम पॅक ठेवला तर 'भाजतंय' हे त्यांना कळणारच नाही आणि जखम होईल. शेक देण्याआधी संवेदना तपासायची असते, हे ज्याला माहीत आहे तोच हा धोका टाळू शकतो.

दुसरं उदाहरण. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काही दिवसांनी आजींची पोटरी सुजली, दुखायला लागली. घरी येणारा मदतनीस म्हणतो, मालिश करून देतो, बरं वाटेल. पण ती सूज शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळे असू शकते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. इथे व्यायाम आणि मालिश थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायचं असतं.

दोन्ही ठिकाणी हाताचं काम सोपं आहे, निर्णय अवघड आहे. म्हणून मदत कोणीही करो, तपासणी, उपचाराची आखणी आणि 'आता थांबा' हा निर्णय नोंदणी असलेल्या व्यक्तीचाच हवा. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवतात ना? इंटर्नच्या बाबतीत तसंच आहे.

४) अमेरिकेत कसं आहे?

आपल्याकडची बरीच मुलं तिकडे जातात, म्हणून हेही पाहू. तिथे लायसन्स प्रत्येक राज्य देतं. आपली डिग्री तपासून घ्यावी लागते आणि राष्ट्रीय परीक्षा पास व्हावी लागते. थेरपिस्टच्या हाताखाली लायसन्स असलेला असिस्टंट काम करतो, पण पहिली तपासणी आणि उपचाराची योजना थेरपिस्टचीच असते.

देखरेखीच्याही पायऱ्या आहेत. 'थेट' देखरेखीत थेरपिस्ट त्याच जागेत, हाकेच्या अंतरावर असावा लागतो. 'सर्वसाधारण' देखरेखीत तो फोनवर उपलब्ध असला तरी चालतं. मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने खासगी क्लिनिकमधल्या असिस्टंटसाठी १ जानेवारी २०२५ पासून पहिली अट सोडून दुसरी लागू केली. पण त्या त्या राज्याचा नियम कडक असेल तर तो पाळावाच लागतो. अंतर वाढलं, तरी जबाबदारी थेरपिस्टचीच राहिली.

५) आपण काय करायचं?

विद्यार्थ्यांनी प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारावा : हा कोर्स केल्यावर परिषदेत फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी होते का? काही महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सवर ती होत नाही. जाहिरात कितीही मोठी असो, पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जातील.

घरी आजी-आजोबांसाठी कोणी येत असेल तर नोंदणी क्रमांक विचारा. यात संकोच कसला? रिक्षात बसताना आपण मीटर बघतोच की! आणि मदतनीस येत असेल तर विचारा : उपचार कोणी ठरवलेत, ते पेशंटला पुन्हा कधी तपासणार आहेत?

लक्षात ठेवा : कोण काम करू शकतं, हे नोंदणी सांगते. चुकलं तर उत्तर कोणी द्यायचं, हे देखरेखीचा नियम सांगतो.

स्वाध्याय

१. डिग्री आणि नोंदणी यांतला फरक दोन वाक्यांत लिहा.
२. मधुमेही पेशंटला शेक देण्याआधी काय तपासावं? का?
३. 'थेट' आणि 'सर्वसाधारण' देखरेख उदाहरणासह स्पष्ट करा.
४. चर्चा करा : खेड्यात जवळ फिजिओथेरपिस्ट नसेल, तर फोनवरची देखरेख पुरेशी आहे का?