रान कुणाचे?

ठाणे शहरात नौपाडा ही एक जुनी वस्ती आहे. दुकाने, शाळा, गाड्या आणि माणसांची गर्दी. तेथे रानाची आठवण कुणाला येणार? पण नौपाड्यातल्या एखाद्या उंच गच्चीवर जावे आणि मावळतीकडे पाहावे. इमारतींच्या मागे डोंगर दिसतो. तिकडेच येऊरचे रान आहे.

येऊरपासून पार बोरिवलीपर्यंत हे रान पसरले आहे. त्याला आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एका अंगाला ठाणे, दुसऱ्या अंगाला मुंबई. मधल्या रानात बिबट्या, सांबर आणि चितळ राहतात.

उद्यान म्हटले की आपल्याला फुलबाग आठवते. राष्ट्रीय उद्यान म्हणजे तशी बाग नव्हे. जे रान आहे तसेच राखायचे, असे सरकारने कायद्याने ठरवलेली ती जागा.

पण रान राखायचे कशासाठी?

पहिले कारण पाणी. झाडांची मुळे माती धरून ठेवतात. खाली पडलेला पालापाचोळा पावसाचे पाणी थोपवतो. पाणी सावकाश जमिनीत मुरते. डोंगर उघडा झाला की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. या रानात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. त्यांचे पाणी मुंबईला आजही मिळते.

पाण्याची ही किंमत जुन्या लोकांनाही ठाऊक होती. याच रानात कान्हेरीची लेणी आहेत. ती शंभरांहून अधिक आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी ती कोरायला सुरुवात झाली. तेथे जागोजाग खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. पावसाचे पाणी त्यांत साठवत.

कान्हेरीची लेणी हे राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे. तेथे कुणी छिन्नी चालवली तर शिक्षा होते. ते सर्वांना पटते. मग रानाला कुऱ्हाड लावली तर? मोडलेले रान पुन्हा उभे राहायला कित्येक पिढ्या जातात.

अमेरिकेत १९०६ साली जुन्या वास्तू राखण्याचा कायदा झाला. सरकारी जमिनीवरची मोलाची जागा देशाच्या अध्यक्षाने राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर करावी, अशी त्यात सोय होती. १९०८ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड दरी स्मारक म्हणून जाहीर केली. ही दरी माणसाने कोरलेली नाही. नदीने खडक कापून ती केली आहे.

आपल्याकडे या कामासाठी १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. राष्ट्रीय उद्यानात शिकार करता येत नाही. गुरे चारता येत नाहीत. त्याची हद्द कुणा एका अधिकाऱ्याच्या मर्जीने बदलता येत नाही.

तरी लोक म्हणतात, “जागा सरकारी आहे. आपलं काय जातं?” एक जण कुंपण दोन हात पुढे सरकवतो. त्याचे पाहून शेजारी चार हात सरकवतो. असे करता करता डोंगर जातो. या उद्यानातही वस्त्या वाढत गेल्या. १९९५ साली पर्यावरणाचे काम करणारी एक संस्था उच्च न्यायालयात गेली. १९९७ साली न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा हुकूम दिला. हजारो झोपड्या निघाल्या. त्यांत पोटासाठी आलेली गरीब माणसे होती. हद्द वेळीच राखली असती, तर त्यांच्यावर ही पाळी आली नसती.

पण सारेच रहिवासी मागून आलेले नाहीत. येऊरच्या पाड्यांवर आदिवासी राहतात. वारली लोक तर वाघाला देव मानतात. उद्यान झाले त्याच्या आधीपासून हे लोक या रानात आहेत. त्यांना अतिक्रमण करणारे कसे म्हणायचे? अमेरिकेतही हेच घडले. ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाचे लोक पूर्वीपासून राहत. त्यांच्या बहुतेक जमिनी हातून गेल्या. पुष्कळ वर्षे भांडल्यावर १९७५ साली त्यांतल्या काही परत मिळाल्या.

आपल्याकडे २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून रानात राहून रानावर पोट भरणाऱ्या आदिवासींना त्याने हक्क दिला. जे आदिवासी नाहीत, त्यांना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. राष्ट्रीय उद्यानातही हा कायदा लागू आहे. दाव्याचे काम ग्रामसभेपासून सुरू होते. जुने कागद पुरावा म्हणून चालतात. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली माहितीही चालते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. रान राखले जाते ते कागदावर, आणि माणसाचा हक्क राखला जातो तोही कागदावरच. एखाद्या जागी अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान करायचे ठरले, की जिल्हाधिकारी जाहीरनामा काढतात. तो आसपासच्या गावांत, तिथल्या लोकांच्या भाषेत लावावा, असा कायदा आहे. त्या जमिनीवर ज्याचा हक्क असेल, त्याने दोन महिन्यांच्या आत लेखी दावा करायचा असतो. पूर्वी जाहीरनामा भिंतीवर लागे आणि वाचता न येणारा माणूस त्याच्यावरून निघून जाई. दोन महिने सरत.

तुम्हाला आता वाचता येते. जाहीरनामा दिसला की थांबा आणि हे पाहा :

१. कागदावर तारीख कोणती आहे?
२. चारी बाजूंच्या हद्दी कोणत्या सांगितल्या आहेत?
३. दावा कोणत्या कचेरीत द्यायचा आहे?
४. शेवटचा दिवस कोणता?

शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर त्याला वाचून दाखवा. दावा दिला की त्याची पोच घ्या. न वाचता कुठेही अंगठा उठवू नका, सहीही करू नका. आणि कुणी कुंपण पुढे सरकवताना दिसला, तर ग्रामसभेत विचारा, “ही हद्द कागदावर कुठे आहे?”

सरकारी रान म्हणजे बेवारस रान नव्हे. ते तुमचे आहे आणि तुमच्या नातवंडांचेही आहे.

प्रश्न

१. कान्हेरीच्या लेण्यांत पाणी कसे साठवत?
२. अतिक्रमण करणारा आणि पूर्वीपासून रानात राहणारा, यांत फरक काय?
३. जाहीरनामा निघाल्यावर किती दिवसांत दावा करावा लागतो?
४. तुमच्या गावाजवळ सरकारी रान आहे का? त्याची हद्द कुठून कुठवर आहे ते विचारून घ्या आणि पाच ओळी लिहा.